ढिल्या बांगड्या

"अगं ए मनियारीन, हात हाय माझा, उसाचं कांडं न्हाई! किती पिळशील?"

हा आवाज हाजराबीनं पहिल्यांदा ऐकला त्याला जन्म लोटला म्हणायचा, पण कानात तो अजून ओला होता. पिंपळवाडीचा मंगळवारचा बाजार, नागपंचमी तोंडावर आलेली, बायकांची झुंबड. हाजराबी तेव्हा लग्न होऊन श्रीरामपुरात आलेली कोवळी पोर. सासूनं बांगड्यांची टोपली तिच्या पुढ्यात सरकवलेली आणि स्वतः मागं पान लावत बसलेली. हाजराबीच्या हाताला घाम, काच कडक, आणि समोरच्या नव्या नवरीचा हात खुरपं धरून धरून टणक झालेला. त्यात ती अशी ओरडली. आसपासचा सगळा बाजार हसला. हाजराबीनं मान वर केली, तर गोल चेहरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका, आणि डोळे पाण्यानं भरलेले असून तोंड मात्र कानापर्यंत हसणारं.

"नाव काय गं तुझं?"

"बनू. पाटापल्याडच्या वस्तीवरची. आन् तुझं?"

"हाजरा."

"मग हाजरा, उरलेल्या भर. पर बोटं मोजून परत दे माझी."

तिथून गाठ पडली ती पडलीच. हाजराबी कधी पाट ओलांडून बनूच्या वस्तीवर गेली नाही, बनू कधी श्रीरामपूरला हाजराबीच्या घरी आली नाही. त्यांचं सगळं मैत्र मंगळवारचं, बाजारातल्या गोणपाटावरचं. बनू मेथीच्या जुड्या आणि अंडी विकायची. ती खपली की पाटी उपडी घालून हाजराबीपाशी येऊन बसायची. बांगड्या सणासुदीलाच, पण गप्पांना सण लागत नव्हता. हाजराबीनं हात हातात घेतला की बनूला गाणं सुचायचं. जात्यावरचंच, पण शब्द जागच्या जागी जुळवलेले:

*हिरवा गं चुडा माझा, भरला मंगळवारी,*
*मनियारनीच्या दारी माझं माहेर घडीभरी.*

"मला दार कुठं हाय? गोणपाट हाय," हाजराबी म्हणायची.

"मग गोणपाटाला उंबरा समज. आन् बांगडी भर, बोलू नको."

पुढं मुलं झाली, नातवंडं झाली, आणि कधीतरी हाजराबीच्या डोळ्यांवर साय धरली. आधी तिला वाटलं, चुलीचा धूर असेल. मग वाटलं, बाजारातली धूळ. चेहरे आधी धुरकट झाले, मग पुसले गेले. हिरवं, निळं, काळं सगळं चहात बुडवून काढल्यासारखं एका रंगाचं झालं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ज्या मनियारनीला दिसत नाही तिच्या हातात कोणती बाई आपला हात देईल? सून अलफिया रोज सकाळी डबे लावून द्यायची: डावीकडं हिरव्या, मधे रंगीत, उजवीकडं लहान पोरींच्या. बाकीचं हातानं व्हायचं. अंगठा तळव्यात मोडायचा, पाची बोटं एका जागी आणायची, सांधे दाबायचे आणि काच सरकवायची. याला डोळे लागत नव्हते.

हळूहळू बायका तिला हातांवरून कळायला लागल्या. शेजारी मिरच्या विकणाऱ्या लंकाबाईचा हात धरला की स्वतःची बोटं झोंबायची. शाळेतल्या बाईंचा हात खडूनं कोरडा. आणि बनूचा हात तर लाखात ओळखू येणारा: करंगळी किंचित वाकडी, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याची गुळगुळीत खूण, नखांत मेथीचा वास. तो हात आला की हाजराबी मान वर न करताच विचारायची, "श्रीमंतराव काय म्हणत्यात?" श्रीमंत म्हणजे बनूचा नवरा. बनू सांगायची, "बसलेत वट्यावर. चहाची वाट बघत्यात."

अलीकडच्या दोन-तीन वर्षांत एवढंच बदललं होतं की बनू माप मोठं मागायची. जन्मभर सव्वादोनची बांगडी घालणारी बाई आता म्हणायची, "अडीचची भर. ढिली बरी."

"हात वाळला का गं?"

"वय झालं."

हाजराबीच्या बोटांना तो हात वाळलेला लागत नव्हता. पण गिऱ्हाइकाशी मापावरून वाद घालू नये, हे ती सासूकडून शिकली होती.

---

शेवटी मुलानं, आकिबनंच ओळखलं. आईनं त्याच्या टेम्पोऐवजी शेजाऱ्याच्या टेम्पोत बसायला पाय टाकला तेव्हा. दुसऱ्या दिवशी तो तिला नगरला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, दोन्ही डोळ्यांत. आधी उजवा करू, डावा दिवाळीनंतर.

पट्टी निघाली त्या सकाळी हाजराबीनं पहिल्यांदा पाहिली ती निळी बादली. दवाखान्याच्या मोरीत ठेवलेली, कान तुटलेली प्लास्टिकची बादली. इतकं निळं जगात असतं हे ती विसरूनच गेली होती. बादलीकडं बघत ती इतका वेळ उभी राहिली की अलफिया घाबरली.

"अम्मी, काय झालं?"

"काही नाही. ही बादली विकत मिळते का बघ."

घरी आल्यावर मात्र मजा कमी झाली. भांड्यांच्या बुडाला काळं, खिडकीला जाळी, भिंतीला पोपडे. स्वतःचे हात पाहून ती दचकली. हे डाग कुणाचे, ह्या शिरा कुणाच्या? नवरा, गनीभाई, पलंगावर बसून पेपर वाचत होते. ती जवळ जाऊन उभी राहिली. दाढी पांढरीशुभ्र, गाल आत गेलेले.

"अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

गनीभाईंनी पेपर खाली केला. "तुझ्यासमोरच झालो की. तक्रार आता आली होय?"

दिवसभर थेंब. वजू करताना त्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. वाकायचं नाही, म्हणून नमाज खुर्चीवर. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे दोन डोळे दोन जगं दाखवत होते. डावा मिटला की सगळं धुऊन वाळत घातलेलं. उजवा मिटला की पुन्हा तेच चहाचं पाणी. ती दिवसातून कितीदा तरी एकेक डोळा मिटून बघायची. एक डोळा सासरचा, एक माहेरचा, असं तिला वाटायचं. पण कुठला कुठला, ते ठरत नव्हतं.

लांबचं लख्ख दिसायचं. गल्लीच्या टोकाला बसलेल्या मांजराच्या मिशा दिसायच्या. पण जवळ घेतलं की धूसर. जवळचा चष्मा महिन्यानं मिळणार होता. तोवर तिनं अलफियाच्या हातात बांगडी भरून बघितली, आणि फोडली. काच खळकन तुटली, अलफियाच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. हाजराबी ते लाल बघतच राहिली. आयुष्यात फोडल्या नव्हत्या असं नाही, पण अशी नाही. हात सांध्यापाशी पोचायच्या आधीच डोळा पुढं धावत होता, आणि हात गोंधळून थांबत होते.

"डोळा सांगतो एक, हात करतात भलतंच," ती गनीभाईंना म्हणाली. "मी काय आता नुसती बघत बसू?"

"बस की. जन्मभर लोकांचे मळके हात बघितलेस, आता तोंडं बघ."

ते तिला मनातून पटलं. तोंडं बघायची होती. सगळ्यांत आधी बनूचं. इतकी वर्षं ते गोल तोंड, रुपयाएवढं कुंकू तिनं आठवणीतूनच बघितलं होतं. चष्मा येऊ दे, बोटांना नवी सवय लागू दे; एकदा बनूला समोर बसवायचं, डोळे भरून बघायचं, आणि मग सांगायचं की बाई, इतकी वर्षं मी तुला बघितलंच नव्हतं. एवढंच तिच्या मनात होतं.

---

नागपंचमीच्या आधीच्या मंगळवारी हाजराबी बाजारात पोचली ती गळ्यात दोरीनं चष्मा अडकवून आणि डोळ्यांवर काळा गॉगल लावून. लंकाबाईनं मिरच्यांच्या ढिगाआडून तिला बघितलं आणि हाळी दिली, "या, या! अगं बायांनो, बघा गं! पिक्चरची शूटिंग हाय का काय?"

बायका गोळा झाल्या. कुणी गॉगल घालून बघितला, कुणी विचारलं, "मला वळखलं का?" आणि हाजराबीला आवाज ऐकेपर्यंत एकीलाही ओळखता येईना. तिच्या आठवणीतल्या सगळ्या जणी तरण्या होत्या. समोर पिकलेल्या, सुकलेल्या, दोन-दोन दात पडलेल्या बाया उभ्या होत्या.

"लंके, तू तर लंबी गोरी बाई हुतीस."

"तवा तुझी नजर चांगली हुती," लंकाबाई म्हणाली. "आता बघितलंस ना? झालं समाधान? लाव परत गॉगल."

सगळ्या खदखदून हसल्या. हाजराबी बांगड्या भरायला बसली. चष्मा लावून सावकाश, चुकत माकत जमत होतं. दुपार कलली तशी ती सारखी मान वर करून बघायला लागली. लांबचं तिला आता फार छान दिसायचं. चहाच्या टपरीपलीकडं कडुलिंब होता, त्याच्या प्रत्येक फांदीची पानं वेगळी दिसत होती. लिंबाखाली एक बाई उभी होती. विटकं नऊवारी, डोईवर पदर, काखेत रिकामी पाटी. कपाळ मोकळं. गाल बसलेले. ती हाजराबीकडंच बघत होती. हाजराबीनंही तिच्याकडं बघितलं. एखाद्या परक्या बाईकडं बघावं तसं, जरा वेळ. बाईनं नजर वळवली, पाटी काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि पाटाच्या वाटेला लागली.

बनू त्या दिवशी आली नाही.

नागपंचमी झाली. पुढच्या मंगळवारीही आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"बनी का येईना गं?" हाजराबी लंकाबाईला म्हणाली. "पंचमीच्या बांगड्या राहिल्या तिच्या. आजारी तर न्हाई? का श्रीमंतरावांना काय झालं?"

लंकाबाई मिरच्या तोलत होती. काटा स्थिर झाला तरी तिनं पारडं उचललं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, झालं की." तेव्हा कुठं तिनं मिरच्या पिशवीत ओतल्या. गिऱ्हाईक गेल्यावर पदरानं हात पुसत म्हणाली, "आल्ती ती."

"कवा?"

"पंचमीच्या आधी. त्या लिंबाखाली उभी हुती. तू बघितलंस की तिच्याकडं."

हाजराबीनं लिंबाकडं बघितलं. तिथं आता एक शेळी बांधलेली होती.

"ती? ती बनू?" तिचा आवाज खाली गेला. "पर तिच्या कपाळाला..."

"व्हय."

"कवापासनं?"

"आता तिसरं साल चाललंय. माझी बहीन हाय त्यांच्या शेजारच्या वस्तीवर. तिनंच सांगितलं हुतं मला."

हाजराबीच्या डोक्यात एकेक मंगळवार उलटा फिरायला लागला. आणि एका मंगळवारपाशी येऊन थांबला. संक्रांतीनंतर दोन-अडीच महिने बनू दिसलीच नव्हती. मग एक दिवस पाटी टेकल्याचा आवाज आला, मेथीचा वास आला. हाजराबीनं हात ओढून घेतला तर मनगट मोकळं. एकही बांगडी नाही. आणि हाजराबी तिच्यावर करवादली होती, भर बाजारात, लाडानं आणि रागानं: "अगं ए भवाने! हात मोकळे घेऊन हिंडतीस? नवऱ्याच्या जिवावर उठलीस का?" तिनं हिरव्या बांगड्या घेतल्या आणि दोन्ही मनगटं भरून टाकली. बनू फक्त एवढंच म्हणाली होती, "ढिल्या भर."

ढिल्या. म्हणजे काढता याव्यात, न फोडता.

"पाटाच्या मोरीपाशी काढायची," लंकाबाई हळू आवाजात म्हणाली. "पदराला बांधायची आन् मग घरी जायची. एकदा मी बघितलं."

"आन् तू मला बोलली न्हाईस?"

"तू बोलली हुतीस का मला, का तुला दिसत न्हाई म्हनून?" लंकाबाई एकदम तिच्याकडं वळली. "समद्या बाजाराला ठावं हुतं, हाजरे. तू निळ्या घालायचीस हिरव्या म्हनून, आन् आमी घालून घेत हुतो. चालतंय म्हनत हुतो. मग तिचं मी का बोलू?"

हाजराबीनं गॉगल काढला, पुसला, परत घातला. रडायला डॉक्टरनं बंदी केली नव्हती, पण डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती आणि ती थेंबाची बाटली हातात घेऊन तशीच बसली.

---

"मग न दिसल्यासारखं कर," गनीभाई म्हणाले. सकाळचा चहा झाला होता. "इतकी वर्षं जमलंच की. ती येईल, तू विचार श्रीमंत कसा आहे. तिला बरं वाटतंय ना त्यात? मग झालं."

"तेव्हा मला खरंच दिसत नव्हतं. आता दिसत असून विचारू?"

"आणि दिसलं म्हणून सांगितलंस तर ती पुन्हा येईल का तुझ्याकडं?"

बोललं तर बनू गेली. न बोललं तर समोर बसून तोंडावर खोटं. तिनं उगीच टोपली आवरली, बांगड्या रंगानं लावल्या, आणि शेवटी म्हणाली, "जाऊन तर येते."

जीपमधून उतरून तिनं टोपली डोक्यावर घेतली तेव्हा दिवस चांगला वर आला होता. पाटाला पाणी सुटलेलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस. मोरी आली तशी ती क्षणभर थांबली. इथंच बनू खाली बसत असणार. तिनं उजवा डोळा मिटला. ऊस, पाणी, मोरी, सगळं विरघळून एक झालं. ओळखीचं, मऊ, बिनघोर. तिला वाटलं, असंच मिटून पुढं जावं. मग पायाखाली खडा आला, तोल गेला, आणि डोळा आपोआप उघडला.

वस्तीवर एक तरणी बाई गोठ्यातलं शेण गोळा करत होती. ती बनूची सून, धनश्री. तिनं टोपली बघितली आणि हात धुवत पळत आली. "बांगडीवाल्या मावशी? इथं वस्तीवर? या या! माझ्या साडीला मॅचिंग हाय का? जांभळ्या दाखवा."

पडवीत बनू शेंगा निवडत बसली होती. तीच विटकी नऊवारी. हाजराबीला बघून तिनं पदर पुढं ओढला, भुवयांपर्यंत.

"ये," ती म्हणाली. तेवढंच. पण आवाज तोच होता, आणि हाजराबीला एकदम हलकं वाटलं. चेहरा परका, आवाज घरचा.

ती बसली. समोरच्या भिंतीवर एका माणसाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. फेटा, दाट मिशा, जरा हसरा. इतकी वर्षं विचारपूस केली त्या माणसाला हाजराबी आज पहिल्यांदा बघत होती. तिनं पटकन नजर काढून घेतली, पण बनूनं ते बघितलं होतं.

धनश्री मांडी घालून पुढ्यात बसली, हात पुढं केला. हाजराबीनं चष्मा लावला. जांभळ्या बांगड्या सावकाश सांध्यावरून सरकल्या, एकही फुटली नाही. धनश्रीनं हात हलवून आवाज ऐकला, मोबाईल काढून फोटो घेतला.

"आत्यांना बी भरा की मावशी," ती म्हणाली. "मी किती म्हनते त्यांना, घाला हातात. आता कुनी काय म्हनत न्हाई. गावात ग्रामसभेत ठराव झालाय, बायांनी बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाई. माझी काय आडकाठी न्हाई, ह्यांची बी न्हाई. पर ह्या ऐकत्यात का? एक दिस बी घालीत न्हाईत."

हाजराबी चमकली. घरात कुणाची मनाई नाही. मग पदरात बांधून नेणं कशासाठी? सुनेनं घाला म्हटलं तर नको, आणि बाजारात तिच्याकडून मात्र दर सणाला?

"धनश्री," बनू म्हणाली, "गाईला पानी दाखव जा. वरडतीय कवाची."

गाय ओरडत नव्हती. धनश्रीनं एकदा सासूकडं, एकदा मनियारनीकडं बघितलं आणि ती उठून गेली.

दोघी राहिल्या. बनूनं पदर मागं केला, पुरता, कानांच्या मागं.

"बघ. बघायलाच आलीस ना? बघ."

हाजराबीनं बघितलं. मोकळं कपाळ, बसलेले गाल, हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका, फिकट होऊन मोठा झालेला. पिकलेल्या भुवया. ओठांच्या कडेला ते हसू होतं, पण फार आत.

"म्हातारी झालीस," ती म्हणाली.

"तू बी काय नवरी न्हाईस. गॉगल घालून काय कुनी पोरगी समजत न्हाई."

दोघी हसल्या. मग हसू तिथंच अडलं.

"बनू, मला दिसत नव्हतं गं." हाजराबी खाली बघून बोलत होती. "सहा-सात वर्सं. कुनाला सांगितलं न्हाई. वाटलं, हात द्यायच्या बंद व्हतील बाया. तुझं तोंड मी बघतच नव्हते."

"ठावं हाय मला."

"आन् त्या दिशी मी तुला भवानी म्हनले. नवऱ्याच्या जिवावर उठलीस म्हनले. तू एक शब्द बोलली न्हाईस. तोंडात मारायची हुतीस माझ्या. आन् परत परत येत राह्यलीस, आन् मी परत परत तुला..." तिनं बनूचा हात धरला. वाकडी करंगळी, अंगठ्याच्या मुळाशी गुळगुळीत खूण. "का गं? घरात घालायला कुनाची ना न्हाई. मग माझ्यापशीच का?"

बनूनं हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं ती शेंगा एका बाजूला सारत राहिली, जणू तिथं अजून निवडायचं काही होतं.

"ती संक्रांत आठवतीय तुला? तिच्या आधीचा मंगळवार. तू मला बांगड्या भरल्यास. मी उठले. म्हनलं, जाते, येळ झाला. तू म्हनलीस, बस गं, चहा सांगितलाय. मी बसले. लंकीनं त्या कारखान्याच्या साहेबाची नक्कल केली. माझ्या पोटात दुखायला लागलं हसून हसून. आठवतंय?"

हाजराबीला आठवत होतं. चहा सांडला होता गोणपाटावर.

"त्याच येळंला ह्यांच्या छातीत कळ आली. वस्तीवर चिटपाखरू न्हाई. पोरगा कारखान्यात, ही धनश्री माहेराला. मी पाटापशी आले तर मानसं पळत सुटल्याली. तू दुपारी भरलेल्या बांगड्या बायांनी सांजंला फोडल्या."

"या अल्ला," हाजराबीनं तोंडावर पदर घेतला. "बनू... मीच बस म्हनले."

"म्हनून तर सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तू जन्मात कुनाला परत 'बस' म्हनली नसतीस. माझ्यासारख्या बायांनी मग बाजारात बसावं कुठं?"

गोठ्याकडून धनश्रीचा बादली आपटल्याचा आवाज आला. बनूनं फोटोकडं बघितलं, मग हाजराबीच्या हातातल्या आपल्या हाताकडं, आणि इतक्या वर्षांत कुणाजवळ बोलली नव्हती ते बोलली.

"तुझ्यापशी बसले का त्योच मंगळवार असायचा, हाजरा. हातात हिरव्या बांगड्या, चहा यायचाय, आन् तू इचारतीस, श्रीमंतराव काय म्हनत्यात. मी म्हनायचे, बसलेत वट्यावर. खोटं न्हवते बोलत मी. तेवढा येळ मी अजून घरी गेलेलीच नसायचे. आन् मी घरी जाईपत्तोर ते जिते असायचे."